काटा तपासतो, बॉयलर तपासतो. मग सॉफ्टवेअर का नाही?



गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी कारखान्यात काय काय होते, हे आपणांस नव्याने सांगायला नको. पावसाळ्यात मिल उघडून रोलर, बेअरिंग, पंप पाहिले जातात. बॉयलर पाण्याने भरून, ठरलेल्या दाबापर्यंत चढवून, निरीक्षकांसमोर दाखवावा लागतो. मगच अग्निप्रदीपनाचा नारळ फुटतो. वजनकाट्यावर प्रमाणित वजने ठेवून वैधमापन खात्याचा शिक्का घेतला जातो. हे सारे झाल्यावर गव्हाणीत मोळी पडते. "चालेल हो, सुरू झाल्यावर बघू," असे बॉयलरच्या बाबतीत कोणी म्हणत नाही. तो फुटला तर काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे.

आता दुसरी बाजू बघा. काट्यावरचे वजन आज कोणी वहीत लिहून बेरीज मारीत बसत नाही. गाडी काट्यावर चढली की आकडा संगणकात जातो. उसाची नोंद, तोडणीचा क्रम, वजनपावती, वाहतूकदाराचे बिल, सोसायटीची कपात आणि शेवटी सभासदाच्या बँक खात्यावर पडणारी रक्कम, हे सगळे संगणकातील आज्ञावली ठरवते. हिलाच आपण सॉफ्टवेअर म्हणतो. ही आज्ञावली कोणी तपासली? केव्हा तपासली? बरोबर आहे हे कशावरून ठरवले? हे प्रश्न मात्र आपण फारसे विचारीत नाही. या प्रश्नांची उत्तरे शोधण्याची एक स्वतंत्र विद्या आहे. तिचे रीतसर प्रशिक्षण मिळते, परीक्षा असते आणि त्यावर नोकरीही मिळते. तिची ओळख करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

करूळ-भुईबावडा घाट चढून ज्यांचा ऊस वर येतो, ते आमचे घाटाखालचे सभासद विचारतील, "ह्यां आमका कित्याक होयां?" उत्तर दुहेरी आहे. एक तर बिल आपले आहे. दुसरे म्हणजे आपलीच मुले-मुली मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनात, कणकवली, कुडाळ, सावंतवाडीच्या महाविद्यालयांत शिकत आहेत. पूर्वी चाकरमानी गिरणीत आणि गोदीत जायचा. आज तो पुण्याला हिंजवडीत किंवा गोव्यात संगणकासमोर बसायला जातो. त्याने काय शिकून जावे, हे आईबापांनाही थोडेफार कळायला हवे.

२०१७ सालचा धडा

सिंधुदुर्गातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी जोडलेली आहेत. त्यामुळे २०१७ च्या उन्हाळ्यात काय झाले, ते पुष्कळ घरांना आठवत असेल. त्या वर्षी विद्यापीठाने पदवी परीक्षांच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, त्यांची चित्रे संगणकावर चढवायची आणि प्राध्यापकांनी ती पडद्यावर पाहून गुण द्यायचे. कल्पना वाईट नव्हती. परंतु निर्णय झाला एप्रिलच्या सुमारास, म्हणजे परीक्षांच्या तोंडावर. उत्तरपत्रिका होत्या सतरा लाखांच्या घरात. स्कॅनिंग मागे पडले, उत्तरपत्रिकांचा मेळ बसेना, प्राध्यापकांना नव्या पद्धतीची सवय नव्हती. कुलपतींनी ३१ जुलैपर्यंत निकाल लावण्यास सांगितले. ती मुदतही टळली. निकाल लागत राहिले ते पार सप्टेंबरपर्यंत. बाहेरच्या विद्यापीठांत पुढचा प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांच्या हातात गुणपत्रिका नव्हती. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

यात कोणाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मुद्दा एवढाच की, एखादी पद्धत शंभर उत्तरपत्रिकांवर चालणे आणि सतरा लाखांवर चालणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांची तपासणीही निराळी करावी लागते आणि त्यासाठी दिवस राखून ठेवावे लागतात. ते राखले नाहीत, तर खरी चाचणी प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशी होते आणि तिची किंमत विद्यार्थी मोजतो. हाच न्याय हंगामाच्या पहिल्या आठवड्यात आलेल्या नव्या बिल-प्रणालीला लावून पाहा.

जगातही याची उदाहरणे आहेत. ४ जून १९९६ रोजी युरोपचा आरियान-५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात, चाळीस सेकंदांच्या आत, मार्ग सोडून फुटला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील आज्ञावलीचा एक भाग आधीच्या आरियान-४ मधून जसाच्या तसा घेतला होता. तेथे तो वर्षानुवर्षे बिनचूक चालला होता. नव्या अग्निबाणाचा वेग जास्त. त्यामुळे एक आकडा त्याच्यासाठी ठेवलेल्या जागेत मावेना आणि यंत्रणा बंद पडली. नव्या उड्डाणमार्गाचे आकडे घालून तो भाग तपासलाच गेला नव्हता. "शेजारच्या कारखान्यात हेच सॉफ्टवेअर दहा वर्षं चालतंय," असे विक्रेता सांगतो, तेव्हा हा अग्निबाण आठवावा.

तपासणी म्हणजे काय, आणि काय नव्हे

पुष्कळांची समजूत अशी की तपासणे म्हणजे बटणे दाबून पाहणे. तसे नव्हे. तपासणी म्हणजे अमुक माहिती दिली असता अमुक उत्तर यायला हवे, हे आधी कागदावर ठरवणे. मग ती माहिती देऊन आलेले उत्तर ताडून पाहणे. उत्तर आधी ठरवले नसेल, तर पडद्यावर जे दिसेल ते खरेच वाटते. म्हणून तपासणाऱ्याला संगणकाइतकाच तो व्यवसायही समजावा लागतो. ऊस बिलाची तपासणी करणाऱ्याला उतारा, कपात, तोडणी-वाहतूक म्हणजे काय, हे ठाऊक हवे.

या विद्येची काही सूत्रे ठरलेली आहेत. आपल्या भाषेत ती अशी सांगता येतील.

१) तपासणीने दोष आहेत हे दाखवता येते, दोष नाहीतच, हे सिद्ध करता येत नाही. शेतात फिरून हुमणी सापडली तर आहे म्हणता येते. सापडली नाही, तर फक्त "दिसली नाही" म्हणावे.

२) दोष लवकर सापडला तर स्वस्तात सुटतो. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होडीच्या फळ्यांच्या फटी त्या काळात, वाळूवर असतानाच बघतात. भर दर्यात पाणी आत आल्यावर फट शोधायला कोणी बसत नाही.

३) दोष सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, थोड्या जागी दाटीने असतात. एका बेटात कीड दिसली की शहाणा शेतकरी आजूबाजूची बेटे उपटून पाहतो.

४) त्याच त्या चाचण्या पुन्हा पुन्हा केल्या तर नवे दोष सापडेनासे होतात. बोरिस बायझर या अमेरिकन लेखकाने याला कीटकनाशकाचीच उपमा दिली आहे: एकच औषध वर्षानुवर्षे मारले की उरलेली कीड त्याला दाद देत नाही. हे आपल्या सभासदांना अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

५) आज्ञावली बिनचूक असली, पण लोकांच्या कामाची नसली, तर तीही नापासच.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सगळे काही तपासणे अशक्य असते. हिशेब करून बघा. उतारा ९ टक्क्यांपासून १३ टक्क्यांपर्यंत, शतांश टक्क्याच्या अंतराने घेतला तर ४०१ आकडे होतात. गाडीचे निव्वळ वजन तीस टनांपर्यंत, दहा-दहा किलोच्या अंतराने घेतले तर ३,००० आकडे. दोहोंचा गुणाकार १२ लाख ३ हजार. एका सेकंदाला एक चाचणी या वेगाने, रात्रंदिवस, न जेवता बसले तरी जवळजवळ १४ दिवस लागतील. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून बिल चुकते करण्याची मुदतही १४ दिवसांचीच! आणि हे झाले दोनच रकाने. कपाती, वाहतुकीचे अंतर, उसाची जात असे रकाने वाढवले की आकडा कोटींच्या पुढे जातो. तेव्हा थोडक्या चाचण्यांत जास्तीत जास्त दोष सापडतील अशी निवड करायची. ही निवड कशी करावी, हेच प्रशिक्षणात शिकवतात.

चाचण्या निवडण्याच्या पद्धती

आपल्याच घरचे उदाहरण घेऊ. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये असा रास्त व किफायतशीर दर जाहीर केला. उतारा त्याच्या वर गेला तर दर ०.१ टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे जादा. खाली आला तर त्याच प्रमाणात कमी. मात्र उतारा साडेनऊच्या खाली गेला तरी दर ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली जात नाही. तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते, ती बाजू तूर्त सोडून देऊ.

पहिली पद्धत गट पाडण्याची. या नियमात तीन गट सरळ दिसतात: साडेनऊच्या खाली, साडेनऊ ते सव्वादहा, आणि सव्वादहाच्या वर. एका गटातील सर्व आकड्यांना आज्ञावली एकाच रीतीने वागवते असे धरून प्रत्येक गटातून एक-एक प्रतिनिधी घ्यायचा. उदाहरणार्थ, ९.२० ला ३२९.०५ रुपये, ९.८० ला ३३९.४३ रुपये आणि ११.६० ला ४०१.७१ रुपये यायला हवेत. शेकडो आकड्यांचे काम तीन चाचण्यांत झाले.

दुसरी पद्धत कडा तपासण्याची. इंग्रजीत हिला बाउंड्री व्हॅल्यू अ‍ॅनालिसिस म्हणतात. बांध कोरला जातो तो कडेलाच. हिशेबही चुकतो तो कडेलाच. नियमात "पर्यंत" असते, लिहिणारा "पेक्षा कमी" असे लिहून जातो. म्हणून ९.४९, ९.५०, ९.५१ आणि १०.२४, १०.२५, १०.२६ असे काठावरचे आकडे मुद्दाम घालून पाहायचे.

आता या पद्धतींतून काय हाती लागते, ते बघा. साडेनऊ आणि सव्वादहा यांत अंतर ०.७५ टक्के, म्हणजे ०.१ च्या साडेसात पायऱ्या. साडेसात गुणिले ३.४६ म्हणजे २५.९५. ते ३५५ मधून वजा केले की बरोबर ३२९.०५ उरतात. म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या आकड्यातच अर्धी पायरी धरलेली आहे. पण समजा, आज्ञावली लिहिणाऱ्याने "पूर्ण पायऱ्याच मोजायच्या" असे मनाशी धरले. मग १२.०० टक्के उताऱ्याला साडेसतराऐवजी सतराच पायऱ्या धरल्या जातील. दर ४१५.५५ यायचा तो ४१३.८२ येईल. क्विंटलला १ रुपया ७३ पैसे कमी. साठ टन ऊस घातलेल्या सभासदाला १,०३८ रुपयांचा फटका. पडद्यावर कुठेही लाल दिवा लागणार नाही, बेरीज-वजाबाकी जुळेल, पावती सुबक छापून येईल.

अशा वेळी तपासणाऱ्याने ११.२५ असा सोयीचा आकडा घेतला, तर त्यात पायऱ्या बरोबर दहा होतात आणि दोन्ही रीतींनी उत्तर ३८९.६० च येते. चूक तशीच लपून राहते. ११.६० घेतला तर साडेतेरा पायऱ्या होतात आणि चूक लगेच उघडी पडते. चाचणी केली एवढ्याने भागत नाही. कोणती केली यावर सारे अवलंबून असते. प्रशिक्षित माणूस आणि हौशी माणूस यांतला फरक तो हाच.

तिसरी पद्धत निर्णय-तक्त्याची. सोसायटीचे कर्ज आहे किंवा नाही, बियाण्या-खताची उधारी आहे किंवा नाही, आणि सभासद आहे की बिगर-सभासद. तीन प्रश्न, प्रत्येकाला दोन उत्तरे, म्हणजे आठ प्रकारचे शेतकरी झाले. आठही ओळी कागदावर मांडून प्रत्येकीपुढे कोणती कपात व्हायला हवी हे लिहायचे. असा तक्ता मांडताना पुष्कळदा दिसून येते की, एका ओळीबद्दल नियमच केलेला नाही. तो दोष आज्ञावलीचा नव्हे, कामकाजाचा. पण सापडतो तो येथे.

चौथी पद्धत अवस्थांची. गाडी नंबर घेते, भरलेले वजन देते, गव्हाणीवर रिकामी होते, रिकामे वजन देते, पावती घेते. हा झाला सरळ मार्ग. तपासणारा आडमार्गाने जातो. भरलेले वजन दोनदा दिले तर? रिकामे वजन न देताच पावती मागितली तर? भरलेल्या वजनापेक्षा रिकामे वजन जास्त आले तर? मध्येच वीज गेली तर? आपल्याकडे पावसात वीज कशी जाते, हे शहरात बसून लिहिणाऱ्याला सुचेलच असे नाही.

योजना आधी, तपासणी मागून

लागणीचे वेळापत्रक न करता कोणी ऊस लावीत नाही. तपासणीचेही तसेच. या योजनेच्या कागदपत्रांचा पहिला सर्वमान्य नमुना अमेरिकेतील विद्युत-अभियंत्यांच्या संस्थेने १९८३ साली प्रसिद्ध केला. २०१३ पासून त्याची जागा आंतरराष्ट्रीय मानकांनी घेतली. नावे सोडून दिली, तर योजनेत लिहायचे ते थोडक्यात असे:

१) काय तपासायचे, आणि काय तपासायचे नाही. दुसरे लिहिणे पहिल्याइतकेच जरुरीचे.

२) कोठे चुकले तर सर्वांत जास्त नुकसान होईल? त्या भागाला जास्त दिवस. वाढदिवसाचा शुभेच्छा-संदेश चुकला तर चालेल. कपात चुकून चालणार नाही.

३) कोण तपासणार? ज्याने आज्ञावली लिहिली, त्यानेच शेवटची तपासणी करू नये. आपलेच पत्र आपण वाचले तर चूक डोळ्यांआड होते.

४) कोणत्या माहितीवर तपासणार? मागील हंगामातील काही खरी बिले नावे झाकून घ्यावीत आणि हाताने केलेल्या हिशेबाशी ताडून पाहावीत.

५) कधी सुरू करायचे आणि कधी थांबायचे? "वेळ संपला म्हणून थांबलो" हे उत्तर नव्हे. कोणत्या चाचण्या पार पडल्या म्हणजे काम ताब्यात घ्यायचे, हे आधी ठरवावे.

६) दोष सापडला तर कसा लिहायचा? "बिल चुकतंय" एवढे लिहिले तर दुरुस्त करणारा काय करील? "उतारा १२.००, निव्वळ वजन १८.४३० टन, अपेक्षित दर ४१५.५५, आलेला दर ४१३.८२, दोनदा करून पाहिले" असे लिहिले की काम तासाभरात होते.

७) दुरुस्तीनंतर पुन्हा काय तपासायचे? केवळ दुरुस्त केलेला भाग पाहून भागत नाही. एका पाटाचे पाणी वळवले की दुसरीकडे फुटते. जुन्या, पास झालेल्या चाचण्याही पुन्हा करून पाहाव्या लागतात. याला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात.

तपासणीचे टप्पेही असतात. प्रथम सुटा भाग, मग जोडलेले भाग, मग सबंध प्रणाली आणि शेवटी ज्याने ती वापरायची त्याची मान्यता. हा शेवटचा टप्पा कारखान्याचा स्वतःचा आहे. तो विक्रेत्यावर सोपवणे म्हणजे उसाचे वजन वाहतूकदाराच्या तोंडी सांगण्यावर मान्य करण्यासारखे आहे.

प्रशिक्षण कोठे, किती आणि कसे

या क्षेत्रात जगभर मानली जाणारी परीक्षा आय.एस.टी.क्यू.बी. या संस्थेची. संस्था २००२ साली स्थापन झाली. भारतात तिचे काम इंडियन टेस्टिंग बोर्ड पाहते. पहिली पायरी म्हणजे फाउंडेशन लेव्हल. तिला पदवीची अट नाही. प्रश्न ४०, वेळ ६० मिनिटे, उत्तीर्ण होण्यास २६ गुण. परीक्षेची भाषा ज्याची मातृभाषा नाही, त्याला १५ मिनिटे जादा मिळतात. प्रमाणपत्राची मुदत संपत नाही. अभ्यासक्रम संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो.

२०२३ साली आलेल्या या अभ्यासक्रमात शिकवण्याचा किमान वेळ ठरवून दिला आहे. एकूण १,१३५ मिनिटे, म्हणजे एकोणीस तासांना पाच मिनिटे कमी. त्यांपैकी चाचण्या निवडण्याच्या पद्धतींना ३९० मिनिटे आणि योजना व व्यवस्थापनाला ३३५ मिनिटे. साधनांना, म्हणजे चाचणी आपोआप करणाऱ्या सॉफ्टवेअरला, फक्त २० मिनिटे. या आकड्यांवरून कशाला किती महत्त्व आहे ते कळून येते. आधी विचार, मग योजना, हत्यार शेवटी. नोकरीच्या जाहिरातींत सेलेनियमसारख्या साधनांची नावे असतात, हे खरे. ती शिकावीच लागतात. पण कोयता हातात आला म्हणून तोडणी येत नाही.

घरबसल्या सुरुवात करायची तर केंद्र सरकारच्या स्वयम् आणि एन.पी.टी.ई.एल. या मंचांवर सॉफ्टवेअर तपासणीचे अभ्यासक्रम झालेले आहेत. खरगपूरच्या आय.आय.टी.चे प्राध्यापक राजीब मल यांची व्याख्याने त्यांत आहेत. ऐकायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच शुल्क आहे. केंद्र सरकारच्या एस.टी.क्यू.सी. या यंत्रणेच्या प्रयोगशाळा सॉफ्टवेअरची तपासणी करतात आणि प्रशिक्षणही देतात.

मुलाला किंवा मुलीला हे काम जमेल का, याची एक सोपी परीक्षा आहे. ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ साली या विषयावर एक पुस्तक लिहिले. त्याच्या आरंभीच वाचकाला एक कोडे घातले आहे. एक आज्ञावली तीन आकडे घेते, त्यांना त्रिकोणाच्या बाजू समजते आणि त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज ते सांगते. ती तपासायला कोणते आकडे द्याल? पुष्कळजण ५-५-५, ५-५-३ आणि ३-४-५ देऊन थांबतात. पण १-२-३ दिले तर? त्याचा त्रिकोणच होत नाही. शून्य दिले तर? उणे आकडा दिला तर? दोनच आकडे दिले तर? अक्षर दिले तर? ५-५-३ चालले, पण ३-५-५ चालते का? ज्याला असे प्रश्न आपोआप सुचतात, घरातल्या ज्या पोराला आपण "किती शंका काढतोस रे!" म्हणून गप्प बसवतो, त्याने या वाटेला जावे.

पैसे भरण्यापूर्वी

येथे एक सावधगिरीचा शब्द. "तीन महिन्यांत टेस्टर, नोकरीची हमी" अशा जाहिराती शहरात जागोजागी दिसतात. चांगले वर्ग आहेत, तसेच नुसते फी घेणारेही आहेत. उसाच्या बिलातून किंवा कर्ज काढून फी भरण्यापूर्वी पुढील गोष्टी विचाराव्यात. चाचण्या निवडण्याच्या पद्धती किती तास शिकवणार? योजना आणि दोष-नोंद मुलाकडून स्वतः लिहून घेणार का? एखादी खरी प्रणाली पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायला मिळणार का? नोकरीची हमी लेखी आहे का, आणि नोकरी न मिळाल्यास फी परत मिळते का? मागील तुकडीतील चार मुलांशी बोलता येईल का? यांची उत्तरे गुळमुळीत आली, तर पैसे खिशात राहू द्यावेत. परीक्षेला स्वतः अभ्यास करूनही बसता येते. वर्ग लावलाच पाहिजे असे बंधन नाही. खोटा अनुभव दाखवून नोकरी मिळवून देतो म्हणणाऱ्यापासून तर चार हात दूर राहावे. ज्याचे काम खरे-खोटे पाहण्याचे, त्याने खोट्या कागदावर सुरुवात करू नये.

आज संगणक स्वतःच आज्ञावली लिहू लागला आहे, मग हे काम तरी राहील का, असे काही पालक विचारतात. नुसती बटणे दाबण्याचे काम यंत्राकडे जात आहे, हे खरे आहे. परंतु आज्ञावली माणसाने लिहिली काय किंवा यंत्राने लिहिली काय, उत्तर काय यायला हवे हे ठरवणारा कोणीतरी लागतोच. साडेसतरा पायऱ्या की सतरा, हा निर्णय नियम वाचूनच करावा लागतो.

आपण काय करावे

कारखान्याच्या पातळीवर तीन गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत. पहिली, नवे सॉफ्टवेअर घेताना किंवा जुन्यात बदल करताना मान्यता-चाचणीची योजना करारातच लिहून घ्यावी आणि ती पार पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. दुसरी, शेती विभाग, काटा आणि लेखा विभाग यांतील दोन-तीन कर्मचाऱ्यांना या विषयाचे रीतसर शिक्षण द्यावे. हिशेब त्यांना येतोच, पद्धत तेवढी शिकायची आहे. तिसरी, बॉयलर आणि काटा तपासतात त्याच पावसाळी महिन्यांत बिल-प्रणालीचीही चाचणी घ्यावी आणि तिचा अहवाल संचालक मंडळापुढे ठेवावा.

सभासदांनीही एक करावे. पहिल्या बिलाची पावती आली की ती घडी घालून पेटीत टाकू नये. वजन, दर, कपात हे तीन आकडे स्वतः गुणून-वजा करून पाहावेत. जुळले नाहीत तर गावच्या नाक्यावर बोलत न बसता, कोणता आकडा काय हवा होता आणि काय आला, हे कागदावर लिहून शेती कार्यालयात द्यावे. संगणक खोटे बोलत नाही, असे म्हणतात. तो खरेही बोलत नाही. त्याला जे सांगितले तेच तो बोलतो. काय सांगितले आहे, हे पाहणे आपले काम आहे.